चौदा पावलांवरचा खड्डा

नोकरीत काय करत होतात, असं कोणी विचारलं की मी सांगते, खड्डे पाडत होते. विचारणारा पनवेलचा असेल तर त्याला वाटतं, बाई रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होती. मग सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. या अंकाच्या संपादकांनाही दोनदा समजावलं. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे लिहूनच द्या." म्हणून हा खटाटोप.

पनवेलहून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी एक गोल्फ कोर्स आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला ओळख देतात आणि ती त्यांनी पुढेही द्यावी अशी माझी इच्छा आहे. तिथे मी सोळा वर्षं काम केलं. पहिली पाच वर्षं खुरपं घेऊन तण काढलं आणि पुढची अकरा वर्षं खड्डे पाडले. मधले काही महिने पुन्हा खुरपं हातात आलं, ते का, ते पुढे सांगते.

गोल्फ म्हणजे काय हे मला पहिल्याच दिवशी यमुनाने सांगितलं. ती माझ्या आधीपासून तिथे तण काढायला होती. म्हणाली, "काय नाय गो. लांबून काठीनं चेंडू मारायचा नि खड्ड्यात घालायचा. असं अठरा खड्डं. ज्यानं कमी येला मारला तो जिंकला. आनी सगला जनम त्याच्यात घालवायचा." एवढ्या वर्षांत यात भर घालावी असं मला फारसं काही सापडलं नाही.

थोडं माझ्या कामाचं सांगते. खड्डा असतो त्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला सतरंजीच वाटते. खड्डा सव्वाचार इंच रुंद, जगात कुठेही जा, तेवढाच. पण त्याची जागा मात्र बदलावी लागते. दिवसभर माणसं त्याच्याभोवती उभी राहतात, वाकतात, हळहळतात, त्याने गवत मरतं. म्हणून रोज उजाडताना ग्रीनवर नवा खड्डा पाडायचा. त्यासाठी होल कटर असतो. धारदार कडेचा पोलादी नळा आणि वर दोन हातांनी धरायची मूठ. तो दाबायचा, फिरवायचा, उपसायचा. मातीचा गवतासकट अख्खा गड्डा वर येतो. तो जुन्या खड्ड्यात बसवायचा, पाणी घालायचं, पायाने हलकेच दाबायचं. काम नीट झालं असेल तर संध्याकाळपर्यंत जुना खड्डा कुठे होता ते कोणाला सांगता येत नाही. माझे जुने खड्डे कोणाला सापडले नाहीत, हा माझा मोठेपणा, आणि तो मी कोणापुढेही मिरवायला तयार आहे.

हे काम पूर्वी फक्त पुरुष करायचे. मला ते मिळालं माझ्या टाचांमुळे. माझं माहेर मिठागराचं. मिठाच्या कोंडीची, म्हणजे वाफ्याची, जमीन पायांनी तुडवून सपाट करावी लागते, नाहीतर पाणी एका अंगाला साचतं आणि मीठ कुठे जाड, कुठे पातळ धरतं. आम्ही भावंडं लहानपणापासून अनवाणी चिखल तुडवायचो. उतार कुठे आहे ते वडील डोळ्यांनी बघायचेच नाहीत, टाच टेकवून सांगायचे. ती मिठागरं आता काँक्रीटखाली गेली, टाचा तेवढ्या राहिल्या. एकदा सातव्या ग्रीनवर पाणी साचत होतं. आमचे सुपरवायझर म्हात्रे यंत्र लावून उतार शोधत बसले होते. मी तण काढता काढता म्हटलं, "दादा, पानी त्या कडंला जातंय, तुमी उलट्या अंगाला शोधताय." त्यांनी तिकडे खणून पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात कटर माझ्या हातात दिला.

खड्डा कुठे पाडायचा हे मात्र मी ठरवायचं नाही. आदल्या दिवशी म्हात्रेदादा चिठ्ठी द्यायचे. ग्रीनच्या पुढच्या कडेपासून इतकी पावलं, डाव्या कडेपासून इतकी. स्पर्धा असली की त्याच चिठ्ठीची नक्कल प्रत्येक खेळाडूला मिळायची, कारण खालून मारताना खड्ड्यातला झेंडा दिसतो, पण तो ग्रीनमध्ये किती आत रोवलाय ते कळत नाही. चेंडू किती लांब टाकायचा ते चिठ्ठीवरून ठरवायचं.

माझी मर्जी राखायला बघणारे कमी नव्हते. एका शेठजींनी पेढ्यांचा बॉक्स आणला आणि हळूच म्हणाले, "ताई, उद्या तिसऱ्यावर जरा डावीकडे घ्या ना." पेढे आम्ही सगळ्या बायकांनी खाल्ले आणि खड्डा चिठ्ठीप्रमाणे उजवीकडे पाडला. दुसरे एक गृहस्थ खिशात टेप घेऊन यायचे. रविवारी खड्डा लहान होतो अशी त्यांची पक्की समजूत होती. पावसाळ्यात एकदा खड्ड्यात खेकडा शिरला. एका मॅडमचा चेंडू आत गेला आणि खेकडा त्याला धरून बसला. आता नियमाप्रमाणे काय करायचं यावर चार शिकलेली माणसं वीस मिनिटं बोलत होती. शेवटी यमुनाने खेकडा उचलून आपल्या डब्यात टाकला.

या सगळ्यांत माझ्या जिव्हाळ्याचे म्हणजे वैद्य डॉक्टर आणि कॅप्टन सावंत.

डॉक्टर पनवेलच्या जुन्या बाजारात लहान मुलांचा दवाखाना चालवायचे. माझी मुलगी बाळदम्याने हैराण होती तेव्हापासूनची ओळख. मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, तरी डॉक्टर मला "सुमन, छाती कशी आहे तिची?" असंच विचारायचे. कॅप्टन जहाजावरून निवृत्त झालेले, उंच, रुंद, आवाज असा की पहिल्या होलवर बोलले तर नवव्यावर ऐकू यावं. दोघे सत्तरीच्या आसपासचे. आठवड्यातून चार सकाळी एकत्र खेळायचे आणि चारही सकाळी तेच भांडण करायचे. गोल्फमध्ये लांबचा खेळ महत्त्वाचा की जवळचा?

कॅप्टन म्हणायचे, "पहिलाच ड्राइव्ह लांब गेला की पुढचं सगळं सोपं असतं. तू तिकडे मागे झाडीत अडकलेला. तिथून तुझा शॉर्ट गेम काय दिवे लावणार?"

डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "सावंत, दोनशे यार्डांचा फटका कार्डावर एकच लिहितात. आणि दोन फुटांचा चुकला तर तोही एकच लिहितात."

मग दोघे माझ्याकडे वळायचे आणि कॅप्टन म्हणायचे, "सुमनताई, तुम्ही सांगा."

मी गवतावरून सांगायचे. सरावासाठी दोन जागा होत्या. एक लांब मारायची, एक ग्रीनवर चेंडू घरंगळवायची. लांब मारायच्या पट्ट्यावर माती उघडी पडलेली असायची. तिथे सारखं नवं गवत लावून आमचे हात दुखायचे. दुसऱ्या ठिकाणी पातंसुद्धा दुखावलेलं नसायचं. मी म्हणायचे, "जिथं हरता तिथं कोणी सरावाला जात नाही, आणि जिथं शोभा दिसते तिथं सगळे जातात." डॉक्टर खूश व्हायचे. कॅप्टन म्हणायचे, "पण त्या ग्रीनपर्यंत आधी पोचायला लागतं ना, ताई." आणि खरं सांगायचं तर जिंकायचे बहुतेक वेळा कॅप्टनच.

ज्येष्ठांचा एक कप असायचा थंडीत. कॅप्टनच्या घरी तो चार वेळा गेला होता, डॉक्टरांकडे एकदाही नाही. त्या वर्षी डॉक्टरांचा उजवा खांदा धरला होता. काठी खांद्याच्या वर जायची नाही. चेंडू उंच उडायचा बंद झाला, खालून सरपटत जायचा. स्पर्धेच्या आधी ते मला म्हणाले, "सुमन, यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी हा खांदा मला खेळू देईल असं वाटत नाही."

हे ऐकून मी हळहळले. तिथूनच माझी चूक सुरू झाली.

स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठीत अठराव्या होलचं होतं, पुढून चौदा पावलं, डावीकडून पाच. मी अनवाणी चालत गेले. चौदाव्या पावलावर टाच टेकवली आणि उतार कळला. डोळ्यांना दिसत नाही, पण तिथून पुढे जमीन मागच्या बाजूला कलते. उंचावरून पडलेला चेंडू तिथे थांबेल. सरपटत आलेला चेंडू थांबायचा नाही, मागे निघून जाईल. म्हणजे कॅप्टनचा थांबेल आणि डॉक्टरांचा जाईल.

मी कटर टेकवला, अर्धा फिरवला आणि थांबले. उपसला. गवतावर पुसट गोल कड उठली होती, ती बोटांनी मिटवली. पाच पावलं अलीकडे आले. तिथे जमीन समोरून चढते, सरपटणारा चेंडू अलगद थांबेल अशी. तिथे खड्डा पाडला.

पेढ्यांना मी बधले नव्हते, पण मायेला बधले. पाणी मारायला यमुना पाइप घेऊन आली होती, तिने मला जागा बदलताना पाहिलं. ती म्हणाली, "चिट्टीत हाय तिथं नाय पाडलास तू." मी म्हटलं, "पाच पावलांनी काय होतंय?" तिने पाइप उचलला आणि जुन्या खड्ड्यावर पाणी मारायला गेली.

सतरा होल झाले तेव्हा डॉक्टर आणि कॅप्टन बरोबरीत होते. ही बातमी सगळ्या कोर्सवर पसरली. आम्ही बायका अठराव्या ग्रीनच्या मागे उभ्या राहिलो. अठरावं ग्रीन उंचावर आहे. खालून झेंड्याचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसतो.

डॉक्टर मारायला उभे राहिले. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा वर करून वाचली, परत ठेवली. ते पाहिलं आणि मला माझी चूक कळली. माझ्या सगळ्या हिशोबात चिठ्ठी आलीच नव्हती. खांदा, उतार, चेंडू, सगळं मी धरलं होतं. पण ते चौदा पावलांचा अंदाज बांधून मारणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

फटका छोटा होता. चेंडू खालून आला, ग्रीनवर चढला, खड्ड्याच्या बाजूने पुढे गेला, हळू होत होत थांबला. मी जिथे सकाळी कटर अर्धा फिरवला होता, तिथून वीतभर अंतरावर. जो चेंडू तिथे थांबणारच नाही असं माझ्या टाचेने मला सांगितलं होतं, तो त्यांनी तिथे थांबवला होता. नंतर कळलं, दोन महिने दुपारी एकटे येऊन ते तोच फटका मारत होते. मी फक्त त्यांचा खांदा पाहिला होता, हात पाहिला नव्हता.

कॅप्टन चिठ्ठी बघायचेच नाहीत. आता बहुतेकांकडे असते तशी त्यांच्याकडेही अंतर दाखवणारी दुर्बीण होती. त्यांनी झेंड्यावर ती रोखली आणि चेंडू झेंड्यापाशी टाकला.

डॉक्टर वर आले. पाहिलं तर झेंडा मागे राहिलेला. चेंडू उतारावरून परत खाली ढकलायचा होता. तो खड्डा ओलांडून गेला. परतीचाही हुकला. ग्रीनपर्यंत दोघांना सारखेच फटके लागले होते, ग्रीनवर डॉक्टरांना तीन लागले. कॅप्टनना दोन. एका फटक्याने कप पाचव्यांदा कॅप्टनच्या घरी गेला.

डॉक्टरांनी टोपी काढून कॅप्टनशी हात मिळवला. त्यांनी पावलं मोजली नाहीत. खड्डा चुकीच्या जागी असेल, ही शंकासुद्धा त्यांना आली नाही. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "जास्त झाला गं." मी मान हलवली. बोलायची वेळ ती होती, आणि मी मान हलवली.

तेव्हापासून डॉक्टर यायचे बंद झाले. मी स्वतःला समजावलं की खांदा दुखत असेल. नोकरीची भीती होती, ते लपवत नाही. मुलगी आणि नात तेव्हा करंजाड्याला माझ्याकडेच राहायला आल्या होत्या, घर माझ्या पगारावर होतं. आणि पेढेवाल्या शेठजींचं मी मोठ्या तोऱ्यात ऐकलं नव्हतं, ते आठवून तोंड उघडवत नव्हतं. दोन-अडीच महिने असे गेले.

कॅप्टन एकटे खेळायचे. भांडायला कोणी नाही म्हणून आवाजही खाली आला होता. एका सकाळी माझ्यापाशी थांबले. म्हटलं, "डॉक्टरांचा खांदा कसा आहे?"

"खांदा ठीक आहे," ते म्हणाले. "अंदाज गेला म्हणतो. चौदा पावलं ठरवून मारला आणि पाच पावलं लांब गेला, म्हणजे आता डोळ्याचा आणि हाताचा मेळ राहिला नाही, असं त्याच्या डोक्यात बसलंय. दवाखान्यातसुद्धा मुलांना इंजेक्शन देत नाही. नर्सला सांगतो. मी म्हटलं, अरे, एका होलवरून असं कोणी ठरवतं का? तर म्हणतो, सावंत, सुमनने पाडलेला खड्डा चुकत नाही. म्हणजे चुकलो मीच."

कॅप्टन पुढे गेले. मी कटर घेऊन तिथेच बसले. रडले, खरंच सांगते. चूक माझी असून त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःवरचा काढून घेतला होता.

त्याच दिवशी म्हात्रेदादांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सुमन, पेढ्यांसाठी केला असतास तर मला कलला असता. ह्या तू काय केलास?" त्यांनी मला कामावरून काढलं नाही. हातातला कटर मात्र काढून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून मी यमुनाशेजारी खुरपं घेऊन बसणार हे ठरलं. कॅप्टनना कमिटीकडून कळवू, म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरांना मी सांगते. आधी मी."

संध्याकाळी दवाखान्यात गेले. बाहेर बायका मुलांना घेऊन बसलेल्या. माझा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, "ये सुमन. नातीला आणलं नाहीस? छाती भरली का तिची?"

"नाय डॉक्टर," मी म्हटलं. घाबरले की माझी घरची भाषा बाहेर पडते. "मी माझंच सांगायला आले. अठराव्यावरचा खड्डा मी चिठ्ठीप्रमाणे नव्हता पाडला. चौदावर नव्हता. नऊवर होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाय. तुमचा खांदा दुखत होता. मला वाटलं, चौदावर तुमचा चेंडू थांबनार नाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले, आणि तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "तुला कोणी सांगितलं की मला मदत हवी आहे? सांग ना. मी मागितली होती?"

"नाय."

"अडीच महिने मी रोज हा हात बघतोय, सुमन. वाटतंय, हा गेला. आता लेकरांच्या अंगाला लावायच्या लायकीचा राहिला नाही. आणि तुला माहीत होतं."

कंपाउंडर दारातून डोकावला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

मग त्यांनी विचारलं, "माझा चेंडू कुठे थांबला होता?"

"चौदावर."

"साधारण?"

"साधारन नाय. सकाळी मी आधी तिथंच कटर लावला होता, अर्धा फिरवला होता. त्या खुणेपासून वीतभर. तिथं खड्डा असता तर तुमी नुसता टेकवला असता."

"तू स्वतः पाहिलंस?"

"मी मागंच उभी होते, डॉक्टर."

"पुन्हा सांग."

"चौदा पावलं. डावीकडून पाच. वीतभर."

ते उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. माझ्यावरचा राग गेला नव्हता, ते दिसत होतं. पुढे कितीतरी दिवस तो गेला नाही आणि जायला नकोच होता. पण त्यांनी बेसिनपाशी जाऊन हात धुतले, नीट, कोपरापर्यंत, आणि टॉवेलने पुसत दाराकडे बघून आवाज दिला.

"ते इंजेक्शनवालं बाळ आत पाठव. नर्सला नको बोलावू. मी देतो."

एक तरुण बाई बाळाला घेऊन आत आली आणि तोंड वळवून डोळे मिटून उभी राहिली. मी दारात थांबले होते. डॉक्टरांनी बाळाचा दंड दोन बोटांत धरला. हात जरासुद्धा हलला नाही. आईने डोळे उघडले तेव्हा सुई ट्रेमध्ये होती आणि बाळ डॉक्टरांचा चष्मा ओढत होतं.